पस्तीस कुठून आले? आंतरवासितेतल्या एका वजाबाकीचं प्रकरण

गाव, शाळा आणि माणसं ओळखू येतील असे तपशील इथून काढले आहेत. मुलांच्या वह्यांतली गणितं आणि उत्तरं तेवढी तशीच ठेवली आहेत, कारण सगळं प्रकरण त्या उत्तरांचंच आहे.

पार्श्वभूमी

मी अध्यापक विद्यालयात डी.एल.एड.च्या, म्हणजे प्राथमिक शिक्षक होण्याच्या पदविकेच्या, मुलामुलींना गणित शिकवण्याची पद्धती शिकवते. दोन वर्षांच्या या अभ्यासक्रमात किमान 20 आठवडे प्रत्यक्ष शाळेत काढायचे, असं राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या 2014 च्या नियमांत आहे. हीच आंतरवासिता, आणि तिचा मोठा टप्पा दुसऱ्या वर्षी येतो. छात्राध्यापक शाळेत जातात, परिपाठापासून शाळा सुटेपर्यंत तिथेच थांबतात, ठरलेले पाठ घेतात. आम्ही अध्यापकाचार्य अधूनमधून जाऊन पाठ पाहतो आणि गुण देतो.

शाळा मराठवाड्यातली, जिल्हा परिषदेची, पहिली ते चौथी. पट साठच्या आत, त्यामुळे शिक्षक दोन. एका बाई पहिली-दुसरी सांभाळतात, तिसरी-चौथी गुरुजींकडे. गुरुजींच्या निवृत्तीला थोडीच वर्षं उरली होती. गावातले निम्मे कुटुंबप्रमुख त्यांचे विद्यार्थी, त्यामुळे त्यांचा शब्द गावात चालतो.

डिसेंबर महिना होता. दिवाळीनंतर गावातली बरीच घरं ऊसतोडीला जातात ती पाडव्याच्या सुमारास परततात. काही मुलं आईबापांबरोबर कारखान्यावर जातात, काही आजीआजोबांकडे मागे राहतात. तिसरीच्या हजेरीपटावर 19 नावं होती, वर्गात रोज 14 मुलं दिसत.

या शाळेत मी दोन छात्राध्यापिका दिल्या होत्या. मुलांनी दुसऱ्याच दिवशी त्यांची नावं पाडली: वेणीताई आणि चष्माताई. मीही इथे तीच वापरते. वेणीताई शांत, पाठाचं टाचण आदल्या रात्री तीनदा लिहून काढणारी. चष्माताईचा आवाज खणखणीत. तिसरी-चौथीचा जोडवर्ग तिच्या एका हाकेत जागेवर बसायचा.

गुरुजींनी वेणीताईला घटक दिला तो हातच्याच्या वजाबाकीचा. "पोरांचं कच्चं आहे, पुन्हा घ्या," एवढंच ते म्हणाले. याआधी ती वजाबाकी त्यांनी कशी शिकवली होती, हे तिने विचारलं नाही. तिला विचारायला मीही सांगितलं नव्हतं.

पाठ उत्तम झाला

तो पाठ मी पाहिला. आइसक्रीमच्या रंगवलेल्या काड्या, दहा-दहाचे रबर लावलेले गठ्ठे, दशक-एककाचा खिशांचा तक्ता. फळ्यावर 52 वजा 27. "दोनातून सात जात नाहीत. मग काय करायचं? शेजारच्या दशकाकडून एक उसना घ्यायचा." तिने टेबलावर गठ्ठा सोडला, दोन काड्यांत दहा मिळवून बारा केल्या, सात काढल्या, पाच उरल्या. पाचाचे चार झाले, चारातून दोन गेले, उरले दोन. मुलांनी एका सुरात सांगितलं, "पंचवीस!" हात वर, चेहरे हसरे. मी मागच्या बाकावर बसून निरीक्षण तक्ता भरला. प्रस्तावना चांगली, साहित्य आकर्षक, फलकलेखन नीटस, विद्यार्थ्यांचा प्रतिसाद उत्स्फूर्त. गुण भरघोस दिले.

दुपारी पोषण आहाराची खिचडी वाढून झाली तेव्हा वेणीताई वह्यांची चवड घेऊन आली. पाठानंतर तिने तीन गणितं सोडवायला दिली होती: 52 वजा 27, 64 वजा 19, 81 वजा 36.

"मॅडम, पाठ चांगला झाला म्हणालात. पण हे बघा."

14 वह्या होत्या. 52 वजा 27 चं उत्तर तिघांनी 25 लिहिलं होतं, आठ जणांनी 35, दोघांनी 15. उरलेल्या एकाने गणितच उलटं मांडलं होतं, 25 मधून 27.

तिला रडू येत होतं. माझ्याही पोटात गोळा आला, कारण तासाभरापूर्वी "प्रतिसाद उत्स्फूर्त" असं मी माझ्याच अक्षरात लिहिलं होतं. एका सुरात "पंचवीस" म्हणणाऱ्या 14 मुलांपैकी 11 जणांना ते गणित येत नव्हतं, आणि मागच्या बाकावरून मला ते दिसण्याची काही सोयच नव्हती. पाठ चालू असताना एकाही मुलाच्या पाटीकडे मी पाहिलं नव्हतं.

आम्ही या मुलींना कसं तयार करून पाठवतो, तेही इथे सांगायला हवं. पहिल्या वर्षी सूक्ष्म अध्यापन असतं. 1960 च्या दशकात अमेरिकेत स्टॅनफर्डला सुरू झालेली ही पद्धत आपल्याकडे चांगली रुजली आहे. पाचसहा मिनिटांचा पाठ, एकच कौशल्य, समोर मुलं म्हणून बसलेल्या वर्गमैत्रिणी. कौशल्य बसायला ही पद्धत चांगली आहे. पण वर्गमैत्रिणी कितीही मनापासून तिसरीतल्या मुली झाल्या तरी 52 वजा 27 चं उत्तर त्यांच्यातली कुणी 35 लिहीत नाही. चुकणारं मूल आमच्या मुलींना पहिल्यांदा भेटतं ते थेट शाळेत, आणि तेही गुण चालू असताना.

समोर असलेले मार्ग

त्या दुपारी शाळेच्या ओट्यावर आम्ही तिघी बसलो. समोर मार्ग बरेच होते, आणि प्रत्येकाच्या बाजूने बोलायला काही ना काही होतं.

वेळापत्रकाप्रमाणे पुढच्या घटकाकडे जाणं सगळ्यात सोपं. तिचे पाठ मोजून ठरलेले होते. एका घटकावर अडकली तर संख्या भरणार नाही आणि अंतर्गत मूल्यमापनात ती मागे पडेल. तिला सगळ्यात जास्त भीती याचीच होती, आणि ती भीती खोटी नव्हती.

चष्माताईचं म्हणणं होतं, सराव द्यावा. रोज वीस गणितं, आठवडाभर. तिला स्वतःला लहानपणी तसंच आलं होतं.

वेणीताईला तोच पाठ पुन्हा, सावकाश, जास्त काड्या घेऊन घ्यायचा होता.

मला मात्र त्या आठ पस्तीसांनी अडवलं होतं. आठही जणांना 35 एकाच रस्त्याने मिळाले असतील का? दोनातून सात जात नाहीत म्हणून अंक उलटे करून सातातून दोन काढले, तर एककात 5 येतात आणि दशकात 3. गठ्ठा सोडून बारातून सात काढले पण दशकाचा एक कमी करायला विसरलं, तरी एककात 5 आणि दशकात 3. उत्तर तेच. पहिल्या मुलाला गठ्ठा सोडायचा असतो हेच ठाऊक नाही. दुसऱ्याला ते कळलं आहे, त्याची फक्त शेवटची पायरी राहते. दोघांना एकच उपाय केला तर एकाचा वेळ फुकट जाणार.

वेणीताईची तिन्ही गणितं पाहिली तर सगळीकडे हेच. 2 आणि 7, 4 आणि 9, 1 आणि 6: एककातल्या अंकांत दरवेळी पाचाचाच फरक. पाचाचा फरक असला की दोन्ही चुका एकाच उत्तरावर येऊन मिळतात. तिला विचारलं, "ही गणितं अशीच का घेतलीस?" ती म्हणाली, "एककात सगळीकडे पाच आले की वह्या पटकन तपासून होतात, म्हणून." एवढ्याशा सोयीने मुलांच्या डोक्यात काय चाललंय ते झाकलं गेलं होतं.

सराव द्यायचा की पाठ पुन्हा घ्यायचा हे त्या दिवशी ठरवायचं नाही, असं आम्ही ठरवलं. आधी वेगळी गणितं द्यायची आणि मग प्रत्येक मुलाजवळ बसून विचारायचं, "कसं केलंस, मला सांग."

मुलांनी सांगितलेलं

दुसऱ्या दिवशी आम्ही दिलेली गणितं होती 52 वजा 28, 63 वजा 17, 41 वजा 18 आणि 84 वजा 36. इथे प्रत्येक चूक आपलं वेगळं उत्तर घेऊन येते. 52 वजा 28 मध्ये अंक उलटे करणाऱ्याचं उत्तर 36, दशक कमी करायला विसरणाऱ्याचं 34, बरोबर उत्तर 24.

मग वेणीताई व्हरांड्यात सतरंजी टाकून बसली. एकेका मुलाला दहा मिनिटं. मी तिला दोनच अटी घातल्या होत्या: चूक दुरुस्त करायची नाही, आणि मूल बोलेल ते त्याच्याच शब्दांत लिहायचं. पहिली अट तिला फार जड गेली. मूल चुकताना दिसलं की तिचा हात आपोआप पेन्सिलीकडे जायचा.

14 पैकी सहा जणांनी अंक उलटे केले होते. त्यांच्यातल्या एका मुलीने फार स्वच्छ सांगितलं: "दोनातून आठ जात नाहीत ना ताई, मग आठातून दोन घ्यायचे." वेणीताईने फळ्यापाशी उभं राहून जे वाक्य दहादा म्हटलं होतं, त्याचाच या मुलीने सरळ अर्थ लावला होता. जात नाहीत, तर जातात तिकडून घ्या.

दशक कमी करायला विसरणारे दोघं निघाले. एकाला विचारलं, "पाचातला एक घेतला होतास ना?" तो म्हणाला, "उसना घेतला होता. गणित झालं, परत दिला."

हे ऐकल्यावर वेणीताई बराच वेळ लिहायची थांबली. उसनं घेतलेलं परत द्यायचं असतं हे त्या मुलाला घरातून पक्कं ठाऊक आहे. आजी शेजारून वाटीभर साखर उसनी आणते आणि बाजारच्या दिवशी फेडते. मराठी शब्द त्याने बरोबर वापरला होता. गणितात आपण तो चुकीचा वापरतो, कारण वजाबाकीतला दशक कधीच परत जात नाही. तो सुटा होऊन एककांत मिसळतो.

दोघांची उत्तरं आणखी खाली होती. 52 वजा 28 ला त्यांनी 14 लिहिलं होतं. वरच्या पाचाला काट मारून 4 आणि शिवाय खालच्या दोनाचे तीन. त्यातला एकजण मान खाली घालून म्हणाला, "ताईंचं पण केलं, गुरुजींचं पण केलं."

गुरुजींचं म्हणजे काय, ते आम्हाला तिथे कळलं. पहिल्या सत्रात गुरुजींनी जुन्या रीतीने शिकवलं होतं: "दोनातून आठ जात नाहीत, बारातून आठ गेले चार, हातचा एक. दोन नि एक तीन, पाचातून तीन गेले दोन." वर काटाकूट नाही, हातचा खाली मिळवायचा. आपल्या आधीच्या पिढ्यांतले कितीतरी जण आजही असंच वजा करतात. पाठ्यपुस्तकातली रीत म्हणजे वरचा दशक सोडवण्याची. दोन्ही बरोबर आहेत, पण दोन्ही एकाच गणितात केल्या की दशक दोनदा कमी होतो. त्या दोन पोरांना गुरुजींचंही मन मोडायचं नव्हतं आणि ताईचंही.

बरोबर उत्तरं देणाऱ्या तिघांत दोघं पुस्तकाच्या रीतीचे होते, एक मुलगी गुरुजींच्या. आणि चौदावा, ज्याने 25 मधून 27 लिहिले होते, त्याला वजाबाकी येतच होती. गणितं तोंडी सांगितली गेली होती. "बावन्न" म्हणताना मराठीत आधी दोन ऐकू येतात, मग पन्नास, आणि ऐकलं त्या क्रमाने त्याने अंक मांडले. 2019 मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात "पन्नास दोन" असं संख्यावाचन जोडीला दिलं गेलं, तेव्हा केवढा गदारोळ झाला होता. त्या वादात मी पूर्ण एका बाजूची नाही. पण हा मुलगा समोर बसला असताना, ती सोय कुणासाठी होती, हे मला दिसलं.

मुलांच्या अशा चुका मनाला येतील तशा नसतात, त्यांना नियम असतो, हे काही नवं नाही. 1978 च्या सुमारास अमेरिकेत जॉन सीली ब्राऊन आणि रिचर्ड बर्टन यांनी वजाबाकीतल्या अशा चुकांचा पद्धतशीर माग काढला होता. त्यांचा "बग्गी" नावाचा संगणक कार्यक्रम ठरावीक चूक करणारं मूल बनायचा आणि भावी शिक्षकांनी त्याला गणितं घालून ती चूक ओळखायची. मी हे वाचलेलं होतं. वर्गात शिकवलं मात्र नव्हतं, कारण आमच्या टाचणात त्यासाठी रकाना नव्हता.

दोन निर्णय

पहिला निर्णय पाठांच्या संख्येचा. वेणीताईने नऊ दिवस रोज चार-पाच मुलांचे छोटे गट घ्यायचे आणि हेच तिचे पाठ धरायचे, असं मला हवं होतं. प्राचार्यांकडे गेले. त्यांचा प्रश्न रास्त होता: "नोंदीत काय लिहायचं? उद्या तपासणीला कुणी आलं तर पूर्ण वर्गाचा पाठ दाखवावा लागतो." शेवटी निम्मे गट पाठ म्हणून धरले गेले, बाकीचे "उपचारात्मक अध्यापन" या नावाखाली गेले, त्यांना गुण नाहीत. वेणीताईला हे स्पष्ट सांगितलं आणि निवड तिच्यावर सोडली. एक रात्र मागून घेऊन तिने होकार दिला.

दुसरा निर्णय जास्त नाजूक होता: कोणती रीत ठेवायची? माझा पहिला विचार होता, पुस्तकाचीच. म्हणजे गुरुजींना सांगावं लागणार की तुमची रीत थांबवा. वीस वर्षांची मुलगी हे त्यांना सांगू शकत नाही, तिने सांगूही नये. ते काम माझं होतं, आणि मी ते दोन दिवस टाळलं.

तिसऱ्या दिवशी गुरुजी मतदार यादीच्या कामावरून उशिरा आले. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 27 ने शिक्षकांना इतर कामांपासून सोडवलं आहे, पण जनगणना, आपत्ती आणि निवडणूक सोडून. त्यामुळे हे काम त्यांना चुकत नाही. दमलेल्या माणसाला काय बोलायचं म्हणून मी वह्या पुढे केल्या आणि म्हटलं, "गुरुजी, तुमची रीत मला मुलांना समजावता येईना. हातचा खाली का मिळवायचा?"

त्यांनी वहीकडे बराच वेळ पाहिलं. "असंच शिकलो, असंच शिकवलं, मॅडम. का, ते डी.एड.ला कुणी सांगितलं नव्हतं."

ओट्यावरच्या धुळीत मी काडीने दोन रेघा ओढल्या, एक लांब, एक आखूड. दोन्ही सारख्याच वाढवल्या तर फरक तोच राहतो. वरच्या 52 मध्ये दहा वाढवले ते सुटे, एककात. खालच्या 28 मध्येही दहाच वाढवले, पण गठ्ठ्याने, दशकात. गुरुजी एकदम म्हणाले, "म्हणजे वयासारखं! मी नि माझा धाकटा भाऊ, दहा वर्षांनी पण अंतर तेवढंच." माझ्या रेघांपेक्षा त्यांचं उदाहरण चांगलं होतं. पुढच्या आठवड्यात चौथीला त्यांनी स्वतः ते सांगितलं.

मग आमचं असं ठरलं. ज्या मुलीला गुरुजींची रीत नीट येते तिला हात लावायचा नाही. दोन्ही मिसळणाऱ्या दोघांनी आणि बाकीच्यांनी सध्या गठ्ठे सोडण्याची रीतच करायची, कारण ती हाताने करून पाहता येते. आणि "तुझी चूक" असं म्हणायचं नाही, "तू दोन्ही केलंस" असं म्हणायचं.

नऊ दिवस

रंगीत काड्या कपाटात गेल्या. पहिल्या पाठात गठ्ठा सोडला होता वेणीताईने, टेबलावर, 14 जणांसमोर. मुलांच्या हाताला काडी लागलीच नव्हती. आता मुलांनी शेतातून तुराट्या आणल्या, सारख्या लांबीच्या मोडल्या, दहा-दहा मोजून सुतळीने बांधल्या. पहिले दोन दिवस यातच गेले आणि माझा जीव वर-खाली होत होता.

पण सुतळीने असं काम केलं जे रबराने केलं नसतं. गाठ सोडायला वेळ लागतो, नखं दुखतात. तिसऱ्या दिवसापासून मुलं गठ्ठ्याला हात लावण्याआधी एककाकडे बघायला लागली: सोडावा लागेल का? 58 वजा 23 ला एक मुलगा म्हणाला, "हा नको सोडायला, सुटे पुरतात." हातचा कधी लागतो आणि कधी नाही, हे आम्ही फळ्यावर नियम म्हणून सांगतो. इथे त्या मुलाने ते सुतळीची गाठ टाळण्यासाठी शोधून काढलं.

वेणीताईने तिची भाषा बदलली. "उसना" पूर्ण बंद, "गठ्ठा सोडला" सुरू. "दोनातून सात जात नाहीत" ऐवजी "सुटे दोनच आहेत, द्यायचेत सात." मूल लिहितं ते आणि हातात करतं ते जुळावं म्हणून गठ्ठा सोडला की लगेच वहीत पाचाला काट मारायची, मग पुढे जायचं. वहीचं काम शेवटी एकदम करायचं नाही. अंक उलटे करणारी ती मुलगी चौथ्या दिवशी थांबली आणि म्हणाली, "ताई, द्यायचे तर वरच्यातूनच ना, खालचे कुठे आहेत आपल्याकडे?" तिच्या पुढ्यात 52 तुराट्या होत्या. खालचे 28 तुराट्या म्हणून कुठेच नव्हते, ते फक्त द्यायचे होते. फळ्यावर मात्र दोन्ही संख्या सारख्याच खऱ्या दिसतात.

सहाव्या दिवशी रविवार जोडून दोन सुट्ट्या आल्या, आणि परतल्यावर तिघं पुन्हा उलटे अंक करू लागले. वेणीताई त्या दिवशी फार खचली. मी तिला धीर दिला, पण खरं तर मलाही हे अपेक्षित नव्हतं.

निष्पत्ती

नवव्या दिवशी पहिल्यासारखीच, पण नवी गणितं दिली. 14 पैकी दहा जणांना काड्यांशिवाय आली. दोघांना तुराट्या जवळ लागल्या. एकाची जुनी चूक अधूनमधून परत येत होती. आणि उरलेला एक, तो "उसना परत दिला" म्हणणारा, मध्येच वडिलांबरोबर कारखान्यावर गेला. जाताना पाच गठ्ठे घेऊन गेला.

निपुण भारत या केंद्र सरकारच्या पायाभूत वाचन-गणिताच्या अभियानाच्या उद्दिष्टांत 99 पर्यंतच्या संख्यांची वजाबाकी दुसरीच्या अखेरीस अपेक्षित आहे. आमची मुलं तिसरीच्या डिसेंबरात तिथे पोचली. जानेवारीत गुरुजींनी 402 वजा 158 घातलं तेव्हा सहा जण पुन्हा अडले. मधल्या शून्याकडून काय घ्यायचं ते त्यांना कळेना. तोवर आंतरवासितेचा टप्पा संपला होता.

वेणीताईच्या गुणपत्रिकेवर याची छाया पडली. पूर्ण वर्गाचे पाठ कमी झाल्याने अंतिम पाठात ती चाचरली. परीक्षकांचा शेरा होता, "वर्गनियंत्रणात सुधारणा हवी." शेरा चुकीचा नव्हता.

आज पुन्हा करायचं तर

शाळेत पाऊल टाकल्याबरोबर गुरुजींना विचारलं असतं, तुम्ही कसं शिकवलंत? त्या एका प्रश्नाने दोन मुलांचा गोंधळ तरी वाचला असता. छात्राध्यापिकेला पहिले चार दिवस पाठ द्यायचा नाही, फक्त मुलांजवळ बसवायचं, हेही केलं असतं. मी स्वतः पाठ पाहताना मागच्या बाकावर न बसता एका मुलाशेजारी बसते, त्याची पाटी दिसेल अशी. तक्ता नंतर भरता येतो.

सगळ्यात जास्त सल चष्माताईचा आहे. नऊ दिवस तिने चौथी आणि तिसरीची उरलेली मुलं एकटीने सांभाळली. त्यामुळेच वेणीताई सतरंजीवर बसू शकली. शेवटी मी विचारलं तेव्हा ती म्हणाली, "मॅडम, तिला मुलं कळली. मी वर्ग शांत ठेवला." तिचं खरं होतं. पाचव्या दिवशी दोघींची अदलाबदल करायला हवी होती, आणि ते मला सुचलं नाही. बहुवर्ग शाळेत एकीला खोलात जाऊ द्यायचं म्हणजे दुसरीने रुंदी धरून ठेवायची. हा हिशेब पहिल्याच दिवशी दोघींसमोर मांडायला हवा होता. आता आंतरवासितेची जोडी ठरवतानाच मी अदलाबदलीचे वार लिहून देते.

निरीक्षण तक्त्यात प्राचार्यांच्या संमतीने एक ओळ वाढवली आहे, प्रस्तावनेच्याही वर: "एका मुलाची एक चूक आणि तिचं कारण, मुलाच्या शब्दांत." तिला पाच गुण आहेत. ही ओळ कोरी असेल तर पाठ पाहिलेला धरत नाही.

यंदाच्या पहिल्या तक्त्यात एका छात्राध्यापकाने लिहिलं आहे: "एकोणसाठ सांगितलं, तिने 69 लिहिलं. विचारलं तर म्हणाली, मला साठ ऐकू आलं आणि नऊ. नऊ कुठून ऐकू आलं विचारलं, तर म्हणाली, एकोणच्या शेवटी नेहमी नऊच असतात."